पाया पडण्याआधी फुगा दाबा

आमच्या हॉस्पिटलात गुंडप्पा बावीस वर्षं तात्पुरता होता. कागदोपत्री त्याचं पद 'गादी व रेक्झिन दुरुस्ती, तात्पुरता' असं होतं आणि प्रत्यक्षात तो सर्जरी वॉर्डाचा ड्रेसर होता. म्हणजे जखमा धुणं, पुसणं, बांधणं, सोडणं, सगळं त्याच्याकडे. माणूस जखमा बांधतो आणि सही गाद्यांच्या रकान्यात करतो, यात आमच्या ट्रस्टला कधी काही वावगं वाटलं नाही. ट्रस्ट धर्मादाय आहे. दया सगळी पेशंटसाठी राखून ठेवलेली असते, नोकरांवर उधळायला उरत नाही. हॉस्पिटलचं नाव मी सांगत नाही, कारण माझी भाची अजून तिथे कामाला आहे. नांदेडात आहे, गोदावरीच्या घाटापासून चालत दहा मिनिटांवर, एवढं पुरे.

मी प्रमोदिनी. त्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, गेल्या वर्षी निवृत्त झाले. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. साठ खाटा, दोन नर्सा आणि एकच चालू बेसिन असलेला वॉर्ड ज्याने गोड बोलून चालवून दाखवला, त्याला मी पेढे देईन.

गुंडप्पा मूळचा निलंग्याकडचा, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावातला. घरात मराठी बोलायचे आणि भांडायचे कानडीत. दहावीला गणिताने दगा दिला तेव्हा तो लातूरला एका सीट कव्हरच्या दुकानात लागला. जीपची सीटं, ट्रॅक्टरची सीटं, लग्नात नवरा-नवरी बसवायचे सोफे. आमच्या एका ट्रस्टींच्या मेव्हण्याचंच ते दुकान, त्यामुळे नांदेडात डझनभर कारागीर असताना तपासणीच्या टेबलांची फाटकी रेक्झिनं बदलायला माणूस लातूरहून आला. आठ दिवसांसाठी आला. तिसऱ्या दिवशी आमचा ड्रेसर सासुरवाडीला गेला आणि त्याला ती इतकी मानवली की तो परत आलाच नाही. डॉक्टर ओरडले, "अरे, कुणीतरी हा पाय धरा!" गुंडप्पाने कात्री खाली ठेवली, हात धुतले आणि पाय धरला. हात धुतले, हे मी मुद्दाम सांगते. शिकलेल्या लोकांना ते मी वर्षानुवर्षं सांगत आले.

त्यानंतर त्याने टाचेला असं बँडेज बांधलं की एक चुणी नाही. विचारलं तर म्हणाला, "सीटचा कोपरा आन् माणसाची टाच एकच हाय, शिष्टर. चुणी पडली की काम बिघडलं." झालं. लातूरला परत जायचं राहून गेलं.

आता यंत्राबद्दल सांगते. आमच्या वॉर्डात काचेच्या कपाटात एक परदेशी यंत्र होतं. जखमेवर स्पंज ठेवायचा, वरून चिकट पारदर्शक कागदाने हवाबंद करायचा, त्यातून नळी काढायची आणि यंत्राने आतली हवा ओढून घ्यायची. स्पंज आक्रसतो, जखमेतलं पाणी ओढलं जातं, आणि वर नवी कातडी लावली असेल तर ती जागच्या जागी दाबून धरली जाते. यंत्र उत्तम होतं. एका दानशूराने दिलं होतं, फीत कापली होती, पेपरात फोटो आला होता. बरोबर पाच स्पंजांची पाकिटं फुकट आली होती. त्यातली तीन ट्रस्टींच्या घरच्यांना लागली, एक प्रात्यक्षिकात गेलं आणि एक हरवलं. पुढच्या पाकिटाची किंमत ऐकून पेशंटचे नातेवाईक बसल्या जागेवरून उठून उभे राहायचे. मग यंत्र कपाटात गेलं ते गेलंच. दर खंडेनवमीला मात्र त्याची पूजा व्हायची. इतर हत्यारांना झेंडूचं एकेक फूल, त्याला अख्खा हार. काम न करणाऱ्यांचा मान मोठा असतो, हे मला तिथे कळलं.

अशा आमच्या वॉर्डात केवळाबाई आली.

इस्लापूरजवळच्या खेड्यातली, ऐंशी ओलांडलेली, घरची शेती असलेली बाई. मळ्यात ट्रॉलीचं चाक उजव्या पावलावरून गेलं. हाड वाचलं, पण पावलावरची कातडी बोटांपासून घोट्यापर्यंत मोज्यासारखी निघाली. मुलगा भागवत आणि सून दीपमाला तिला घेऊन आले. साधी शेतकरी बाई म्हणून मी तिला दाराशेजारच्या कोपऱ्यातली खाट दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी किनवटकडची गाडी आली आणि निम्मं इस्लापूर वॉर्डात उतरलं.

केवळाबाई सुईण होती. त्या भागात दवाखाना नव्हता, रस्ता नव्हता, तेव्हापासून पंचवीस-तीस वाड्यावस्त्यांवरच्या बाळंतिणी तिने सोडवल्या होत्या. तिने नाळ कापलेली माणसं आता सरपंच होती, मास्तर होती, एकदोन तर आजोबा होते. तिकडची रीत अशी, की सुइणीला भेटलं की तिच्या पावलांवर डोकं ठेवायचं. या जगात आल्यावर पहिल्यांदा ज्या हातांनी धरलं, त्या बाईला नुसता रामराम करून कसं चालेल? रीत चांगलीच आहे. फक्त जखम पावलाला होती.

डॉक्टर राघवेंद्र यांनी तिच्या मांडीवरची पातळ कातडी काढून पावलावर लावली. राघवेंद्र तरुण, हुशार आणि चिडके, म्हणजे बरे डॉक्टर. ते सगळ्यांना बजावून गेले, "पाच दिवस. ही कातडी पाच दिवस जागची हलता कामा नये. खाली पाणी साचलं की ती उचलली जाते, बाजूला सरकली की मरते." मी खाटेवर पाटी लावली, 'पायाला हात लावू नये.' लोकांनी पाटी वाचली. वाचून "अरेरे, लईच दुखत असंल" म्हणाले आणि डोकं टेकवलं.

पाचव्या दिवशी बँडेज सोडलं तर आत काळपट, ओली, सुटी झालेली कातडी. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी चिमट्याला आली. भागवत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. केवळाबाईने पाय पांघरुणाखाली घेतला.

मग आमच्याकडे जे नेहमी सुरू होतं ते सुरू झालं. राघवेंद्र म्हणाले, वॉर्डात स्वच्छता नाही. लॅबवाले म्हणाले, साखर असेल. साखर नव्हती. मोठे साहेब, म्हणजे आमचे अधीक्षक, म्हणाले, लेखी खुलासा हवा. कुणाचा? जो सगळ्यात खाली असेल त्याचा. मी इन्चार्ज होते, माझ्या खाली गुंडप्पा होता. त्याच्या खाली फक्त फरशी होती. मी त्याला मेमो दिला, 'पट्टी सैल बांधल्यामुळे कातडी निकामी झाली, याबाबत तीन दिवसांत खुलासा करावा.' पट्टी सैल नव्हती हे मला ठाऊक होतं. तरी मी सही केली, आणि छान वळणदार केली.

तिसऱ्या दिवशी गुंडप्पाने वहीचा फाडलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण मजकूर सरळ होता.

'पट्टी सैल नव्हती. पाच दिवसांत पेशंटच्या त्याच पायाला एकशे तेरा माणसं पडली. मी रोज ट्रॉलीवर बसून मोजली. नको म्हटलं तर म्हणाले, तू कोण. एकशे तेरामधे एक शिष्टर पण हाय.'

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण ते खरं होतं. माझी आई इस्लापूरच्या शाळेत मास्तरीण होती. मी तिथेच जन्मले, केवळाबाईच्या हातांवर. मला ते माहीत नव्हतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी केवळाबाईने माझं माहेरचं नाव विचारलं आणि म्हणाली, "मास्तरणीची पोर का तू? पायाळू होतीस गं. लई तरास दिलास आईला." मी, छत्तीस वर्षांची नोकरी झालेली इन्चार्ज सिस्टर, वॉर्डभर पाट्या लावणारी, वाकले आणि तिच्या बँडेजवर डोकं टेकवलं. गुंडप्पा मागून म्हणाला होता, "शिष्टर, तिथं नका." आणि मी त्याला म्हणाले होते, "तू तुझं काम कर."

मी तो कागद ड्रॉवरमध्ये घातला. साहेबांनी विचारलं तेव्हा "खुलासा यायचाय" म्हणाले. ही माझी दुसरी बहादुरी.

राघवेंद्रांनी भागवतला बाहेर बोलावून सरळ सांगितलं. कातडी अजून एकदा लावता येईल, दुसऱ्या मांडीची. यावेळी गेली तर जखम आत उतरेल आणि मग पाऊल ठेवता येणार नाही. गुडघ्याखाली कापावं लागेल. भागवत म्हणाला, "साहेब, तुमी म्हणाल ते करू. पण माणसं येणार. त्यास्नी नको म्हणून कसं सांगू? तिनं समद्यांची नाळ कापली, आन् मी दारातून हाकलू?" राघवेंद्रांनी कपाळाला हात लावला.

हे बोलणं केवळाबाईने ऐकलंच. सुइणीचे कान. आतून म्हणाली, "आरं, पाऊलच न्हाई राहिलं तर पोरं पडतील कुठं?" आम्ही सगळे हसलो. ती हसत नव्हती. तिला आयुष्यात दुसरं काही मिळालं नव्हतं, ना पगार ना प्रमाणपत्र. माणसं वाकतात, एवढीच तिची कमाई, आणि ती त्या पावलावर होती.

राघवेंद्र म्हणाले, हिला हवा ओढणारं ड्रेसिंगच हवं, त्यात कातडी घट्ट धरली जाते. यंत्राचं पाकीट परवडणार नाही, पण त्यांच्या शिक्षणाच्या काळात त्यांनी स्वस्तातलं पाहिलं होतं, साधा फोम आणि नाकातून पोटात घालतात ती नळी. हवा ओढायला मात्र काहीतरी हवं. आमच्या वॉर्डाच्या भिंतीला हवा ओढायचं तोंड आहे. पितळी, चकचकीत. त्याच्या मागे पाइप नाही. त्याचंही उद्घाटन झालेलं आहे. विजेवरचं यंत्र एकच, ते ऑपरेशन थिएटर सोडत नाही.

"फोम मी बघतो," गुंडप्पा म्हणाला. ड्रेसर झाल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या कागदावरच्या पदाचं काम निघालं होतं.

त्याने जुन्या ओळखीवर लातूरहून बसच्या कंडक्टरच्या हाती फोमचे सहा तुकडे मागवले. प्रत्येक तुकडा तोंडाला लावून फुंकून बघितला. राघवेंद्रांनी विचारलं, हे काय? "फुंकर आरपार गेली तर हवा जाती, पानी जातंय. न्हाई गेली तर नुसती गादी, साहेब. झोपायला बरी." दोन तुकडे पास झाले. ते धुऊन, कापडात बांधून, वाफेच्या डब्यात निर्जंतुक केले.

हवा ओढायचं राहिलं होतं. गुंडप्पाने माझ्याकडून भंगारखोलीची किल्ली मागितली. तिथे पाऱ्याची जुनी ब्लडप्रेशर यंत्रं पडून होती. ती निकाली काढायला समिती नेमलेली आहे, आणि समितीची बैठक घ्यायला दुसरी. गुंडप्पा चार रबरी फुगे घेऊन आला, डॉक्टर दंडाला पट्टा बांधून दाबतात ना, तेच.

"ह्यो फुगा पुढून हवा सोडतो," तो राघवेंद्रांना म्हणाला, "म्हंजी मागून घेतो का न्हाई?"

त्याने स्पंजाची नळी फुग्याच्या मागच्या तोंडाला जोडली. मधे झाकणाची बाटली ठेवली, जखमेचं पाणी त्यात पडावं आणि फुग्यात जाऊ नये म्हणून. फुगा दाबला की आतली हवा पुढून बाहेर, सोडला की तो मागून, म्हणजे जखमेकडून, हवा ओढून घेतो. राघवेंद्रांनी मधे दाबाचा काटा लावून बघितला. दहाबारा वेळा दाबल्यावर काटा पाहिजे तिथे आला आणि थांबला. कितीही दाबलं तरी पुढे जाईना, रबराची ताकदच तेवढी. "म्हणजे जास्त ओढलं जायची भीतीही नाही," राघवेंद्र म्हणाले आणि गुंडप्पाकडे बघत राहिले. गुंडप्पा दुसऱ्या फुग्याची भोकं तपासत होता.

दुसरं ऑपरेशन झालं. नव्या कातडीवर न चिकटणारी मलमाची जाळी, त्यावर स्पंज, वरून पारदर्शक चिकट कागद. बोटांच्या बेचक्यातून हवा गळते, तिथे गुंडप्पाने सीट कव्हरवाल्याची सगळी विद्या खर्च केली. दीड तास लागला. फुगा दाबला तसा स्पंज वाळल्या खजुरासारखा आक्रसून पावलाला बसला. बोटाने हलवून बघितला तर दगड.

अडचण एकच होती. थोडी थोडी हवा कुठून तरी शिरायचीच. दर पंधरा मिनिटांनी फुगा दाबावा लागायचा, दहाबारा वेळा. साठ पेशंट, दोन नर्सा. म्हणून काम भागवतकडे आणि दीपमालाकडे. दीपमाला चोख. सूर्य कलल्यावर आणि रात्री ती बघायची, शेजारच्या खाटांवरच्यांनाही तिने पाळी लावून दिली होती. दिवसाचा भागवत. आणि भागवत हा भला माणूस होता, हीच पंचाईत. गाडीने आलेल्या पाहुण्याला चहा पाजायचा, मग फाटकापर्यंत पोचवायचं, मग रिक्षात बसवायचं, मग रिक्षा हलेपर्यंत "या बरं का पुन्ना" करत उभं राहायचं. पाहुण्याला वॉर्डातूनच निरोप देणं म्हणजे त्याचा अपमान. पहिल्याच दुपारी मी खाटेशी गेले तर स्पंज फुगून मऊ झालेला, आणि एक मामी पदर सावरून पावलाकडे वाकत होत्या. गुंडप्पाने दोन्ही हात आडवे घातले.

"बाजूला हो, बाबा," मामी म्हणाल्या. "तू कोन?"

गुंडप्पाने फुगा दाबून स्पंज परत कडक केला. मग खाटेपासून दारापर्यंतचं अंतर हाताने मोजलं. संध्याकाळी त्याने त्याच मापाची तीन हात लांब नळी जोडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुगा वॉर्डाच्या दाराबाहेर, व्हरांड्यातल्या खिडकीच्या गजाला टांगला. स्वतः खाली स्टूल टाकून बसला.

किनवटची गाडी आली. पहिला पुढे आला ग्यानोबा, केवळाबाईच्या गल्लीतला, साठीचा, कडक फेटेवाला. गुंडप्पा उठून उभा राहिला. केवळाबाईला तो अव्वा म्हणायचा, कानडीत आईला म्हणतात तसं.

"अव्वाच्या पाया पडायचं का?"

"मंग कशाला आलो?"

"हितं पडा. ह्ये पायाचंच टोक हाय."

ग्यानोबाने फुग्याकडे बघितलं, मग गुंडप्पाकडे. "खुळा समजतो का मला? ह्यो रबराचा फुगा म्हंजी केवळामावशी?"

"नळी बघा कुठून निघाली. आतून. अव्वाच्या पावलातून. तुमी हितं दाबा, तिथं पावलाला कळतंय. खोटं वाटलं तर इचारा तिला. पर रीत नीट ऐका. आधी दहा डाव दाबायचं, मग हात कपाळाला. आत जाऊन पावलाला हात लावला तर नमस्कार पोचत न्हाई, पाऊल जातंय."

ग्यानोबाने साशंक चेहऱ्याने फुगा हातात घेतला आणि दाबला. आतून, कोपऱ्यातल्या खाटेवरून, आवाज आला, "कळलं रं! कोन हाय? ग्यानोबा का? जोरात दाब, लहानपणी रडायला बी असाच कंटाळायचास!"

स्पंज ओढला गेला की पावलाला जाणवतंच, त्यात काही चमत्कार नाही. पण ग्यानोबाचा चेहरा बघायला हवा होता. त्याने दहा मोजून दाबलं, चप्पल काढून पुन्हा दहा दाबलं, फुगा सोडला आणि दोन्ही हात कपाळाला लावले. मागे रांग लागली.

ज्या गर्दीने पहिली कातडी मारली, तीच गर्दी आता पाळी लावून हवा ओढत होती. दर पंधरा मिनिटांचं काम, आणि पंधरा मिनिटं कधी मोकळी जायचीच नाहीत. भागवत खुशाल रिक्षापर्यंत जाऊन येऊ लागला. दुसऱ्या दिवशी फुग्याला हळदीकुंकू लागलं, ते मी स्पिरिटने पुसलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी खाली खोबऱ्याची वाटी ठेवली, ती वॉर्डबॉयने प्रसाद म्हणून खाल्ली. ज्यांचा केवळाबाईशी संबंध नव्हता अशा शेजारच्या वॉर्डातल्या बायकाही 'हितं काय पावतंय' म्हणून दाबून गेल्या. आमच्याकडे रांग असली की माणूस आधी उभा राहतो आणि मग विचारतो.

मोठे साहेब राउंडला आले आणि व्हरांड्यात थबकले. पंधरावीस माणसं अनवाणी उभी राहून एका रबरी फुग्याच्या पाया पडत आहेत. "हा काय प्रकार आहे? अंधश्रद्धा? आपल्या हॉस्पिटलात?"

"निगेटिव्ह प्रेशर आहे, सर," राघवेंद्र म्हणाले.

"त्याचं यंत्र आहे ना आपल्याकडे?"

"आहे, सर. हार वाळलाय, बदलायला हवा," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे न बघता फुगा हातात घेतला. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. नंतर लातूरच्या एका परिषदेत त्याच फोटोचं मोठं पोस्टर लागलं होतं, साहेब फुगा दाबताना. डाव्या कडेला स्टुलावरचा एक गुडघा दिसतो. तो गुंडप्पाचा.

चौथ्या दिवशी ड्युटी संपल्यावर मी चपला काढून रांगेत उभी राहिले. इन्चार्ज सिस्टर रांगेत, म्हणून दोघं पुढे सोडायला लागले. मी नको म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा गुंडप्पाने मान वर करून बघितलं.

"ईस डाव दाबा, शिष्टर. तुमचा मागचा एक चुकलाय."

मी वीस वेळा दाबलं. आतून केवळाबाई म्हणाली, "ही पायाळू दिसती!" कशावरून ओळखलं कोण जाणे. मी तशीच टेबलाशी गेले, ड्रॉवरमधला वहीचा कागद काढला, त्यावर लिहिलं, 'खुलासा खरा आहे. मेमो माझी चूक होती,' सही केली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. ती सही तितकी वळणदार आली नाही.

पाचवा दिवस. सकाळी राघवेंद्र, मी, गुंडप्पा, आणि दाराशी भागवत व दीपमाला. बाहेर व्हरांड्यात गाडीची माणसं नेहमीसारखी आली होती. गुंडप्पाने शेवटचा फुगा दाबला, नळी बंद केली आणि चिकट कागद कडेकडेने सोडवायला घेतला. स्पंज निघाला. जाळी उरली. राघवेंद्रांनी ती मिठाच्या पाण्याने भिजवली आणि चिमट्याने एका टोकाला धरून उचलायला लागले. मागच्या वेळी इथेच कातडी बरोबर आली होती.

जाळी एकटी आली.

खाली पाऊल होतं. गुलाबी, ओलसर, बाळाच्या तळव्यासारखं. राघवेंद्रांनी बोट ठेवून हलकेच सरकवून बघितलं. हललं नाही. करंगळीजवळ एक चिंचोक्याएवढी जागा सोडली तर सगळं धरलं होतं. राघवेंद्रांनी चिमटा ट्रेमध्ये टाकला आणि चष्मा पुसत बसले. दीपमाला दारातच खाली बसली.

केवळाबाईला पडल्या पडल्या पाऊल दिसत नव्हतं. तिने राघवेंद्रांना विचारलं नाही, मलाही नाही. "गुंडप्पा, राहिलं का रं?"

"राहिलं, अव्वा."

ती कोपरांवर उठली. तिचा बेत माझ्या लक्षात आला, ती त्याच्या पायांकडे वाकायला बघत होती. गुंडप्पा दचकून मागे सरला. "अव्वा, वाकू नका, मांडीची जखम ताणती! आन् सा महिने कुणाला पायाला हात लावू द्यायचा न्हाई, फुग्यालाच..."

तिने त्याचा हात धरला. हजारभर माणसं या जगात ओढून आणलेल्या त्या दोन हातांनी तिने त्याचा ग्लोव्ह घातलेला पंजा मुठीत घेतला आणि दाबला. सोडला. पुन्हा दाबला. ती मनात मोजत होती, ओठ हलत होते. दहा झाल्यावर तिने दोन्ही हात कपाळाला लावले, मग त्याचा पंजाच ओढून घेतला आणि कपाळावर टेकवून धरला.

आमच्या वॉर्डाचा नियम आहे, ग्लोव्ह पेशंटच्या कपाळाला, केसांना, कशालाही लागला की तो लगेच बदलायचा. नियम माझाच आहे, पाटी अजून तिथे आहे. मी नवा ग्लोव्ह आणायला कपाटाकडे गेले, पण सावकाश गेले.